विश्लेषण : लॅपटॉपमध्ये २५६ जीबी, ५१२ जीबी की १ टीबी? एसएसडीसाठी जादा पैसे कधी मोजावेत?

'नंतर वाढवता येते' असे दुकानात सांगितले जाते. काही लॅपटॉपमध्ये ते खरे असते, काहींमध्ये अजिबात नाही. खरेदीआधी काय तपासावे?

सांगवी म्हटले की पुणेकरांना पिंपरी-चिंचवडमधली सांगवी आठवते. बारामती तालुक्यातली सांगवी वेगळी. बारामती-फलटण रस्त्यावरचे, नीरा नदीच्या पट्ट्यातले, माळेगाव सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातले हे उसाचे गाव. या पट्ट्यातली मुले-मुली बारावीनंतर बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या महाविद्यालयांत, माळेगावच्या शिवनगरला किंवा थेट पुण्यात शिकायला जातात. प्रवेश झाला, फी भरली, वसतिगृहाचे पाहिले की घरासमोर पुढचा खर्च उभा राहतो तो लॅपटॉपचा. आणि तो बहुतेक घरांत एकदाच होतो. घेतलेला लॅपटॉप चार वर्षे, पुढे नोकरी लागेपर्यंत आणि मग धाकट्या भावंडालाही पुरावा, असाच हिशेब असतो.

दुकानात दोन खोकी समोर येतात. प्रोसेसर तोच, स्क्रीन तीच, रंगही तोच. एकावर २५६ जीबी एसएसडी लिहिलेले असते, दुसऱ्यावर ५१२. कधी तिसरे खोके १ टीबीचे. किमतीत काही हजारांचा फरक. उसाच्या भाषेत सांगायचे तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणजे दोन खोक्यांमधला फरक चार-पाच हजारांचा धरला, तर तो दीड-दोन टन उसाचा आहे. एवढे पैसे जागेवर घालावेत की नाही, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

त्यात दरांचीही भर आहे. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी, दोन्हींचे दर चढले. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' या नावाने सर्वसामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. 'आता लहान घेऊ, पुढच्या वर्षी स्वस्त झाली की मोठी टाकू' हा अनेक वर्षे बरोबर ठरलेला सल्ला त्यामुळे डोळे झाकून मानावा असा राहिलेला नाही.

खोक्यावर ५१२, मग स्क्रीनवर ४७६ का?

नवा लॅपटॉप उघडून 'धिस पीसी'मध्ये पाहिले की पहिली शंका येते ती फसवणुकीची. ५१२ जीबीच्या जागी ४७६ दिसतात, २५६ च्या जागी २३८ आणि १ टीबीच्या जागी ९३१. यात फसवणूक नाही, मोजमापाचा घोळ आहे. एसएसडी बनवणाऱ्या कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते, म्हणजे तिचा १ जीबी १०७ कोटी बाइटहून थोडा जास्त असतो. बाइट तेवढेच, मापटे मोठे, म्हणून आकडा लहान. मॅकवर हा फरक दिसत नाही, कारण ॲपलनेही कंपन्यांचेच मापटे धरले आहे.

खरी जागा जाते ती पुढे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ जीबीची अट घातली आहे. प्रत्यक्षात विंडोज, अपडेटसाठी राखून ठेवलेली जागा, लॅपटॉप कंपनीचा रिकव्हरी विभाग, एमएस ऑफिस, हायबरनेशनची फाइल (ही साधारण रॅमच्या ४० टक्के असते) असे सगळे मिळून ५५ ते ६० जीबी सहज लागतात. तुम्ही अजून एकही फोटो टाकलेला नसतो.

शिवाय एसएसडी काठोकाठ भरू नये. जुनी माहिती पुसून नवी लिहिण्यासाठी तिला आत हालचालीला मोकळी जागा लागते. ती नसली तर लिहिण्याचा वेग पडतो. साधारण १५ टक्के जागा मोकळी ठेवावी असा व्यवहारी नियम आहे.

आता वजाबाकी करा. २५६ जीबीच्या एसएसडीत दिसतात २३८. त्यातून ६० गेले, मोकळे ठेवायचे ३५ गेले. हाती उरले सुमारे १४५ जीबी. ५१२ मध्ये हाच हिशेब केला तर उरतात ३४५ च्या आसपास आणि १ टीबीत ७३०. विंडोजचा खर्च तिन्हीकडे सारखाच असल्याने २५६ वरून ५१२ वर गेल्यावर वापरायची जागा दुप्पट होत नाही, जवळपास २.४ पट होते. पुढे ५१२ वरून १ टीबीवर मात्र दुपटीहून थोडीच जास्त. जादा पैशांचा सर्वाधिक मोबदला पहिल्या उडीत आहे, दुसरीत तो कमी होतो.

इंजिनीअरिंगला किती लागते?

शाखेवर अवलंबून आहे, पण १४५ जीबीत चार वर्षे काढणे अवघड, हे बहुतेक शाखांना लागू पडते. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला मोबाइल ॲपसाठी अँड्रॉइड स्टुडिओ लागतो. एमुलेटरसह त्याला १६ जीबी तरी मोजावे लागतात, आणि दोन-तीन आवृत्त्यांचे एमुलेटर उतरवले की ते आणखी फुगतात. व्हिज्युअल स्टुडिओला मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यानुसार नेहमीच्या वापरात २० ते ५० जीबी लागतात. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला ऑटोकॅडसाठी १० जीबी, त्यावर थ्रीडी डिझाइनचे एखादे सॉफ्टवेअर. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी मॅटलॅब सगळ्या टूलबॉक्ससह टाकले तर तेच २५-३० जीबीच्या घरात जाते. मशिन लर्निंगचा प्रकल्प घेतला की डेटासेट येतात, त्यांना मर्यादाच नाही.

त्यात विद्यार्थी म्हणजे फक्त अभ्यास नव्हे. वसतिगृहातल्या लॅपटॉपवर एक तरी गेम असतोच, आणि जीटीए ५ सारख्या एकाच गेमला आता १०० जीबीहून जास्त जागा लागते. तो टाकल्यावर २५६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये अभ्यासाला ४५ जीबी उरतात! घरच्यांनी यावर नाक मुरडायचे कारण नाही. लॅपटॉप चार वर्षे वापरणारा माणूस अठरा ते बावीस वर्षांचा असतो, एवढे हिशेबात धरलेले बरे.

चौथा खर्च कोणी मोजतच नाही. मोबाइल भरला की फोटो आणि व्हिडीओ लॅपटॉपवर टाकले जातात. मग व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपवर उतरलेल्या फाइली, 'डाउनलोड्स'मध्ये तीन-तीनदा उतरलेली तीच पीडीएफ, विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर काही दिवस पडून राहणारे 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर. सगळे सी ड्राइव्हवर. म्हणून अभियांत्रिकीसाठी नवा लॅपटॉप घेत असाल तर ५१२ जीबी ही सुरुवात धरावी. १ टीबी गेम, व्हिडीओ किंवा मोठे डेटासेट नक्की असतील तरच. २५६ जीबी फक्त तेव्हा, जेव्हा त्या लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसते याची खात्री झालेली असेल.

सगळ्यांनाच ५१२ लागते असे नाही

किराणा, खत-औषधांचे दुकान किंवा छोट्या व्यवसायाचा हिशेब टॅलीवर ठेवणाऱ्याला २५६ जीबी भरपूर आहेत. अशा दुकानाचा वर्षभराचा हिशेब एका सिनेमापेक्षाही कमी जागा घेतो. 'आपले सरकार' सेवा केंद्र चालवणाऱ्याचेही तसेच. स्कॅन केलेले दाखले आणि अर्ज काही शे केबीचे असतात, कारण सरकारी संकेतस्थळे त्याहून मोठी फाइल बहुधा घेतच नाहीत. तिथे जागेपेक्षा महत्त्वाचे असते ते लोकांची आधार कार्डे आणि सातबारे साठवलेल्या त्या डिस्कला एन्क्रिप्शन आहे की नाही हे.

शेतीतल्या एआयची चर्चा बारामतीत जोरात आहे. शारदानगरच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसावर केलेल्या प्रयोगाचा उल्लेख २०२५ च्या सुरुवातीला सत्या नडेला यांनीही समाजमाध्यमावर केला होता. पण त्यासाठी शेतकऱ्याने दमदार लॅपटॉप घ्यावा असे काही नाही. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांची माहिती क्लाउडवर जाते, आकडेमोड तिथेच होते आणि सल्ला मोबाइलवर येतो. 'एआय लॅपटॉप' असे स्टिकर पाहून उसासाठी जादा पैसे मोजू नयेत.

खरी ओढाताण होते ती लग्नाचे फोटो आणि व्हिडीओ करणाऱ्यांची. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेले असते की ४के दर्जाचे ३० फ्रेमचे चित्रण मिनिटाला १७० एमबी खाते. म्हणजे तासाला दहा जीबी, आणि तेही कमी जागेत बसवणाऱ्या प्रकाराने. कॅमेऱ्यावर १०० एमबीपीएसने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे तीन-तीन तास चालले की २७० जीबी झाले, आणि अजून हळदीचे मोजलेले नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटो २५ एमबीच्या आसपास असतो, तीन हजार फोटो म्हणजे ७५ जीबी. ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये वापरायला ३४५ उरतात हे वर पाहिले. एकच लग्न त्यात मावते, तेही कसेबसे. आणि तुळशीच्या लग्नानंतर तिथी दाट असतात.

या कामाला लॅपटॉपमध्ये १ टीबी हवीच. पण मोठी एसएसडी घेऊन त्यातच सगळी लग्ने साठवणे हा खर्चिक मार्ग झाला. चालू काम एसएसडीवर आणि पूर्ण झालेले काम बाहेरच्या साध्या हार्ड डिस्कवर, ही विभागणी स्वस्त पडते. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच वाचते, पण संपलेल्या कामाला वेग लागतो कशाला?

'नंतर वाढवता येते' हे कधी खरे?

हा या खरेदीतला कळीचा प्रश्न. उत्तर मॉडेलवर अवलंबून असते, कंपनीवर नाही.

आजच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये एम.२ नावाच्या खाचेत एसएसडी बसते. च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट पट्टी, एका स्क्रूने धरलेली. काही मॉडेलमध्ये अशा दोन खाचा असतात. तिथे 'नंतर वाढवता येते' हे शंभर टक्के खरे. जुनी तशीच ठेवून नवी शेजारी बसते. एकच खाच असेल तर जुनी काढून मोठी बसवावी लागते. म्हणजे आधीच्या २५६ जीबीचे पैसे वाया जातात, शिवाय सगळी माहिती नव्या पट्टीवर हलवायचे काम आले. अशी निघालेली पट्टी वेगळ्या मिळणाऱ्या डबीत घालून पेन ड्राइव्हसारखी वापरता येते, एवढाच दिलासा.

तिसरा प्रकार सावध राहण्याचा. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असते. मोबाइलमध्ये पूर्वी असायची तशी ही चिप मदरबोर्डला डाखलेली असते. ती संथ असते आणि बदलता येत नाही. जाहिरातीत 'स्टोरेज १२८ जीबी' एवढेच लिहून एसएसडी हा शब्द टाळलेला असेल तर शंका घ्यावी. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्येही साठवण मदरबोर्डवरच असते, त्यामुळे घेताना जी क्षमता निवडाल तीच शेवटपर्यंत.

म्हणून दुकानदाराला 'वाढवता येते का' असे न विचारता तीन नेमक्या गोष्टी विचाराव्यात: एम.२ च्या खाचा किती, त्यातली एक रिकामी आहे का, आणि पट्टीची लांबी कोणती चालते. लांबी नावातच असते. २२८० म्हणजे २२ मिलीमीटर रुंद, ८० लांब. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० इतकीच जागा असते आणि त्या आखूड पट्ट्या सगळ्या दुकानांत मिळत नाहीत. मॉडेलचा पूर्ण क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की हे सगळे तपशील पाच मिनिटांत सापडतात. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवरही. झाकण उघडल्याने हमी जाते का, हेही कंपनीच्या सेवा केंद्राला आधीच विचारून ठेवावे.

मोठी एसएसडी वेगवान असते का?

काही वेळा असते. एसएसडीत अनेक फ्लॅश चिप असतात आणि कंट्रोलर त्यांच्यावर एकाच वेळी काम करतो. उसाला पाणी देताना एक दार उघडले आणि चार दारे उघडली, तसा फरक. कमी क्षमतेच्या एसएसडीत चिपची संख्या कमी, म्हणून वेग कमी. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे २०२२ चा एम२ मॅकबुक एअर. त्याच्या २५६ जीबी आवृत्तीत ॲपलने दोनऐवजी एकच चिप वापरली आणि चाचण्यांत तिचा वाचनाचा वेग आधीच्या एम१ च्या निम्म्यावर आलेला दिसला. २०२४ च्या एम३ मध्ये कंपनीने पुन्हा दोन चिप बसवल्या.

रोजच्या कामात मात्र हा फरक क्वचित जाणवतो. जुन्या सॅटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीपर्यंत, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीचा ३५०० पर्यंत, चौथ्या पिढीचा ७००० पर्यंत. वर्ड उघडायला आणि ब्राउझरला यातले काहीही पुरते. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर जो जमीन-अस्मानाचा फरक पडला, तो तिसऱ्यावरून चौथ्या पिढीवर जाताना पडत नाही. वेगाच्या आकड्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा ते क्षमतेवर खर्च केलेले बरे.

आयुष्याची भीतीही अनाठायी आहे. एसएसडीवर किती माहिती लिहिता येईल याची मर्यादा कंपनी टीबीडब्ल्यू या आकड्यात देते. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लस या लोकप्रिय मॉडेलची मर्यादा २५० जीबीला १५० टीबी, ५०० जीबीला ३०० आणि १ टीबीला ६०० आहे. क्षमता दुप्पट की आयुष्य दुप्पट. पण रोज २० जीबी लिहिले तरी १५० टीबी संपायला वीस वर्षे लागतात. तोवर लॅपटॉपची बिजागरी तुटलेली असते.

फक्त एक फरक लक्षात ठेवावा. फ्लॅशच्या एका पेशीत टीएलसी प्रकारात तीन बिट साठवतात, क्यूएलसी प्रकारात चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण एका दमात शंभर-दोनशे जीबी कॉपी करायला घेतले की तिचा राखीव वेगवान भाग भरतो आणि वेग कधी कधी हार्ड डिस्कइतका खाली येतो. विद्यार्थ्याला याने काही बिघडत नाही. रोज कार्ड रिकामी करणाऱ्या फोटोग्राफरने मात्र टीएलसीच मागून घ्यावी.

रॅम की एसएसडी?

तेवढ्याच किमतीत ८ जीबी रॅम अधिक १ टीबी आणि १६ जीबी रॅम अधिक ५१२ जीबी असे दोन पर्याय असतील तर दुसरा घ्यावा. आजकाल अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असते, ती वाढवता येत नाही. जागेची अडचण बाहेरच्या डिस्कने सोडवता येते, रॅमची नाही. शिवाय रॅम कमी पडली की विंडोज एसएसडीचाच काही भाग रॅमसारखा वापरते. लॅपटॉप रखडतो तो रखडतोच, वर जागाही जाते.

क्लाउड आहे ना?

पुण्यात वायफायवर बसून हा सल्ला देणे सोपे आहे. गूगलचे मोफत १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचे मोफत फक्त ५ जीबी. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर आपोआप वनड्राइव्हवर जायला लागतात, मग आठवडाभरात 'जागा संपली' असे निरोप येऊ लागतात आणि अनेकांना वाटते की लॅपटॉपच भरला. तो भरलेला नसतो, ते पाच जीबी भरलेले असतात.

पैसे देऊन १०० जीबी घेतले तरी ते भरायचे कसे? मोबाइलच्या रोजच्या २ जीबीच्या पॅकवर १०० जीबी चढवायला पन्नास दिवस लागतील, तेही त्या पन्नास दिवसांत दुसरे काही न पाहता. फायबर जोडणीवर १० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर बावीस तास. म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, गुणपत्रिका आणि महत्त्वाची कागदपत्रे यांच्यासाठी क्लाउड उत्तम. पण लहान एसएसडीला पर्याय म्हणून गावात तो चालेलच, असे धरून चालू नये.

जुना लॅपटॉप घेत असाल तर

कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले लॅपटॉप पुण्या-मुंबईत दुरुस्त करून विकले जातात आणि बजेट कमी असेल तर तो वाईट सौदा नाही. त्यांची बांधणी मजबूत असते, झाकण सहज उघडते आणि एसएसडी बदलता येते. इथे २५६ जीबीचा घेऊन नंतर वाढवणे हाच शहाणपणाचा मार्ग. मात्र पैसे देण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून एसएसडीचे आरोग्य किती टक्के, आजवर किती टीबी लिहिले गेले आणि ती किती तास चालली हे पाहावे. तसेच प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

याउलट ऑनलाइन हजार-बाराशे रुपयांत १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी दिसली तर ती बनावटच समजावी. एवढ्या पैशांत तेवढी फ्लॅश चिप तयारच होत नाही. आत एखादे ६४ जीबीचे कार्ड बसवून कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला शिकवलेले असते. पहिले काही जीबी नीट साठतात, पुढच्या फाइली दिसतात पण उघडत नाहीत. घेतलेली डिस्क खरी आहे का हे एच२टेस्टडब्ल्यू नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून, पुन्हा वाचून सांगते. परत करायची मुदत संपण्याआधी ते चालवावे.

घरी आणल्यावर

क्षमता कितीही घ्या, एसएसडीचा एक स्वभाव हार्ड डिस्कहून वेगळा आहे. हार्ड डिस्कवरून चुकून डिलीट झालेले फोटो सॉफ्टवेअरने बरेचदा परत मिळायचे, कारण फाइल पुसली तरी त्यावर नवे लिहिले जाईपर्यंत जुनी माहिती तिथेच असायची. एसएसडीत 'ट्रिम' नावाची सोय ती जागा लगेच साफ करायला सांगते. रिसायकल बिन रिकामा केला की फोटो गेला, दुरुस्तीवाल्याकडेही सहसा उपाय नसतो. लग्नाचे काम करणाऱ्यांनी ग्राहकाला अल्बम देईपर्यंत दोन ठिकाणी प्रत ठेवणे म्हणूनच गरजेचे. आणि ती दुसरी प्रत एसएसडीवर घेऊन कपाटात वर्षानुवर्षे ठेवू नये. विजेशिवाय पडून राहिलेल्या फ्लॅशमधला विद्युतभार हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने लिहिण्याची मर्यादा संपल्यावर ३० अंश तापमानात वीज नसताना वर्षभर माहिती टिकवली तरी ती पास होते. नव्या एसएसडीत ती बरीच जास्त टिकते, पण उन्हाळ्यात पत्र्याखालचे कपाट किती तापते हे सांगायला नको.

लॅपटॉपची बॅटरी मेली म्हणून तो सतत चार्जरवरच चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. वीज गेली की लिहिणे अर्धवट तुटते आणि घरगुती एसएसडीत अशा वेळी माहिती वाचवणारे कपॅसिटर सहसा नसतात. भारनियमनाच्या गावात आधी बॅटरी बदलावी, मग एसएसडीचा विचार करावा.

शेवटची गोष्ट दुकानातच उरकता येते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केले की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठते. दुकानात लॅपटॉप सुरू करून देताना घाईत दुसऱ्याच कोणाचा ईमेल टाकला गेला, तर ती किल्ली त्याच्या खात्यात राहते. दोन वर्षांनी एसएसडी मोठी करायला लॅपटॉप उघडला, बायोस बदलले किंवा मदरबोर्ड बिघडला की स्क्रीनवर निळ्या पाटीत ते ४८ अंक मागितले जातात. ते नसतील तर आतली माहिती कंपनीलाही काढता येत नाही. म्हणून पहिले लॉगइन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलने करावे, त्याच खात्यात जाऊन ती किल्ली एकदा पाहावी आणि बिलाच्या मागे पेनाने लिहून ठेवावी.